उबेचं वेटोळं

गैबीनं शेगडीची जुनी कॉईल ताणून सरळ केली, तिच्यात चिनी मातीचे मणी ओवले आणि सिमेंटच्या पत्र्याच्या तुकड्यावर ती नागमोडी मांडायला घेतली.

"तशी नको," रत्नाबाई म्हणाल्या. "गोल घाल. वेटोळं."

"अक्का, अशी टाकली की सगळीकडं सारखी ऊब लागती. वेटोळ्यात मधीच साठती."

"सैल घाल. पण वेटोळंच घाल."

गैबीनं पार्श्वनाथअण्णांकडं पाहिलं. अण्णांनी बायकोकडं पाहिलं आणि मान फिरवली. मळ्यात नुकतीच लाईट आली होती. विहिरीवरच्या मोटारीसाठी हेलपाटे घालून आणलेली ती लाईट आधी दिवड सापाच्या अंड्यांना शेकायला लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. अंडी रत्नाबाईंच्या पुढ्यात, टोपलीतल्या गवतात होती. शेजारी साबणाचं रिकामं खोकं. तळाशी ही कॉईल, तिच्यावर दुसरा पत्रा, पत्र्यावर वाळू, आणि वाळूवर ओलसर गवतात ती बसायची होती.

"जैनाच्या घरात अंडी!" अण्णा म्हणाले. "गावात कळू दे, मग बघ."

कुणी हसलं नाही. अण्णांनाही हसू आलं नव्हतं.

रत्नाबाई म्हणजे पाणी गाळून पिणारी, दिवेलागणीच्या आत जेवण उरकणारी, मुंगी दिसली तर पाऊल मागं घेणारी बाई. विहिरीजवळची गवताची गंजी उपसताना त्यांच्याच हातून फावड्यानं दिवड मेली. बिचारी पाण्यातली, बिनविषारी. मग गवत बाजूला झालं आणि खाली ही अंडी दिसली. त्या दिवशी रत्नाबाईंनी मीठ सोडलं. पिल्लं निघाली तर मीठ, नाही निघाली तर जन्मभर अळणी. वर पौषाची थंडी हटेना, आणि दोन अंडी खपाटीला गेली होती. म्हणून अण्णांनी वायरमन गैबीला शहरातून बोलावून आणलं होतं.

गैबी वेटोळं घालू लागला.

"आणखी एक फेरा. बाहेरचा मोठा घे."

त्यानं घेतला.

"आता हे टोक वर उचल."

"वर कशाला, अक्का?"

"मान वर काढून बघत हुती ती."

गैबीचा हात थांबला. मणी त्यानं स्वतः ओवले होते, लक्ष्मीपुरीच्या बाजारातून स्वतः विकत आणले होते. तरी आता त्याला त्या कॉईलला हात लावावासा वाटेना.

"माझा डोळा लागला की अजून तशीच बघती," रत्नाबाई म्हणाल्या. "पळाली असती तर सोडली असती रे मी. वरडले, फावडं आपटलं, तरी जागची हलली न्हाई. मला वाटलं, अंगावरच येतीया."

गैबीनं मुकाट्यानं ते टोक वर उचललं, खोक्याच्या कडेला खिळा मारून बांधलं आणि तिथंच वायर जोडली. त्याच वायरीवर खोक्याबाहेर एक दिवा लावला. पत्रा बसवला, वाळू पसरली. रत्नाबाईंनी एकेक अंडं उचलून गवतात ठेवलं. प्रत्येकावर कुंकवाचं बोट होतं, वरची बाजू खाली होऊ नये म्हणून. खपाटीला गेलेली दोनही त्यांनी टाकली नाहीत. ती मध्ये ठेवली.

"ह्यो बाहेरचा दिवा मंद पेटला की समजायचं, कॉईल चालू हाय," गैबी म्हणाला. "लाल व्हणार न्हाई. नुसती कोंबट."

त्यानं बटण दाबलं.

वर उचललेलं टोक फुसकारलं. निळी ठिणगी उडाली. अण्णा थेट अंगणात गेले, गैबीही दोन पावलं मागं उडाला. तिथूनच वाकून त्यानं बटण बंद केलं आणि वायर भिंतीतून उपसून काढली. जोड ढिला राहिला होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडून असं कधी झालं नव्हतं.

वळून बघतो तर रत्नाबाई खोक्यावर ओणवल्या होत्या. दोन्ही हातांचा वेढा खोक्याभोवती, पदर अंड्यांवर.

"अक्का! मागं सरायचं का न्हाई? मेला असता की तुमी! पळायचं असतंय अशा वक्ताला!"

"ती तरी कुठं पळाली?"

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते.

"सरा जरा," गैबी हळू आवाजात म्हणाला. "करंट न्हाई आता. जोड आवळतो."

पक्कड घेऊन तो पुढं झाला. रत्नाबाई हलल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वर काढली आणि त्याच्या हातातल्या पकडीकडं बघत राहिल्या.

"अक्का, मी हाय. गैबी."

त्या बघतच राहिल्या.

गैबीनं पक्कड खाली ठेवली.