बोकडाची जागा

सलग तिसऱ्या दिवशी दुधाचा कॅन भरलेला परत आला. चीज करणाऱ्या बाईंनी झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती : दुधाला बोकडाचा वास येतो, उद्यापासून पाठवू नका.

द्राक्षबाग तोडून अठरा शेळ्या घेतल्या, तेव्हाच मी सासऱ्यांना बजावलं होतं, "मामा, बोकड दुभत्या शेळ्यांत बांधायचा नाही. त्याचा वास दुधात उतरतो." म्हणून त्याला बांधाकडेला वेगळं छप्पर घातलं. तरी मामा रोज संध्याकाळी त्याला सोडून शेळ्यांत आणायचे. म्हणायचे, "बाप्याला असं वाळीत टाकू नये."

चिठ्ठी दाखवली तर खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "बोकडाचं नाव कशाला घेतेस? तूच हात नीट धूत नसशील."

धारेआधी कोपरापर्यंत साबण लावून लावून माझ्या बोटांना भेगा पडल्यात. त्या भेगांत तिन्ही कॅनचं दूध उकिरड्यावर ओतताना झोंबत होतं.

मी बांधाकडच्या छपरात गेले. स्वतःच्याच दाढीवर मुतणारं ते जनावर ओढत ओसरीवर आणलं आणि मामांच्या खाटेच्या पायाला तीन गाठी मारून बांधलं.

दुपारी ताट पुढे ठेवलं, तर मामांनी नाकाला उपरणं लावलेलं. "अगं, भाकरीलासुद्धा याचाच वास येतोय. ने याला इथून."

मी धारेचा साबण त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बोकडाचं नाव कशाला घेता, मामा? हात नीट धूत नसाल."