दगडाला लावलेला मीटर

मानवजातीला किरणोत्सर्गापासून वाचवणारं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकार घेत होतं. मानवजात म्हणजे तूर्तास दोन माणसं, नवरा आणि बायको. त्यातली बायको चार दिवस बहिणीकडे गेली होती.

ओट्याचा काळा दगड येऊन भिंतीला टेकून उभा होता. बायकोला तो लग्न झाल्यापासून हवा होता. आधी मुलीचं शिक्षण आलं, मग गच्चीची गळती आली, आणि आता कुठे दगडाचा नंबर लागला होता. गवंडी पुढच्या सोमवारी येणार होता. नेमकं तेव्हाच तिच्या नवऱ्याने, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या निवृत्त मेकॅनिकने, कुठेतरी वाचलं की काही दगडांतून किरण बाहेर पडतात.

"शनिवारपर्यंत परत घेईन," दुकानदार फोनवर म्हणाला. "पण काका, ओट्यालाच बसवायचाय ना? उशाला नाही ना घ्यायचा?"

मेकॅनिकने फोन ठेवला आणि कामाला लागला.

किरण टिपणारी नळी जुन्या बाजारातून आणली. कुठल्याशा प्रयोगशाळेच्या भंगारातली, पेनाएवढी. तिला लागणारे चारशे व्होल्ट जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधून काढले. नळीतून एक कण गेला की एक झटका, आणि एका झटक्याला मीटरचा आकडा एकाने पुढे. मीटर मात्र घरचाच होता. एक्स्चेंज मोडीत निघालं तेव्हा ग्राहकांचे कॉल मोजणाऱ्या असंख्य मीटरांपैकी एक त्याने पिशवीत घालून आणला होता. लोक एक्स्चेंजमध्ये येऊन भांडायचे, एवढे फोन आम्ही केलेच नाहीत म्हणायचे. मेकॅनिकचं नोकरीभर एकच उत्तर असे, "मीटर खोटं बोलत नाही, साहेब. घरात विचारा." घरात विचारल्यावर बहुधा कोणीतरी मान खाली घालायचं.

यंत्र सुरू झालं. टक्... टक्... टक्. एवढं तर आभाळातूनही येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने नळी दगडाला टेकवली. टक्... टक्... टक्.

याचा अर्थ यंत्र बिघडलंय, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन दिवस तो प्रत्येक जोड उकलून पुन्हा जोडत बसला.

बुधवारी बायको परतली. गळ्याला स्कार्फ होता, चेहरा उतरलेला.

"प्रवास बाधला जरा," ती म्हणाली. "मी आठवडाभर बाहेरच्या खोलीत झोपते. तुमच्या घोरण्यात माझी झोप होत नाही."

"आजवर झाली ती?"

"ती झोप नव्हती. सवय होती."

मुलीचा फोन आला. नातीला घेऊन येते म्हणाली होती, ती आता पुढच्या आठवड्यात येणार होती. आजीला सर्दी आहे म्हणे. आजी एकदाही शिंकली नव्हती. पण मेकॅनिकचं लक्ष मीटरच्या स्प्रिंगकडे होतं.

"अगं, इकडे ये. आकडे वाचून दाखव. मला दिसत नाहीत."

"अहो, मी लांबूनच..."

"लांबून काय वाचणार? हरभऱ्याएवढे आकडे आहेत. ये इथे, दगडापाशी."

ती दगडापाशी येऊन उभी राहिली, आणि मीटर टकटकटकटक असा सुटला की मेकॅनिकने आनंदाने टेबलावर हात आपटला.

"चाललं! बघितलंस? दगड धगधगतोय!"

बायको मीटरकडे बघत राहिली. मग दगडाच्या गुळगुळीत कडेवरून तिने एकदा बोट फिरवलं.

"पाठवून द्या परत," ती म्हणाली.

मेकॅनिक जरा हिरमुसला. त्याने वादाची जय्यत तयारी केली होती. मुलीला लहानपणी ताप आला तेव्हा त्याने थर्मामीटरला घंटी जोडली होती आणि त्यावरून घरात महिनाभर भांडण चाललं होतं. आता इतका मोठा शोध लागला, तर नुसतं 'पाठवून द्या'!

गुरुवारी हमाल दगड घेऊन गेले. बायको दारात उभी राहून टेम्पो वळेपर्यंत बघत होती.

शुक्रवारी मेकॅनिकने दगड नसलेल्या घराचं मोजमाप घ्यायला यंत्र लावलं. टक्... टक्... टक्. घर स्वच्छ होतं. त्याने समाधानाने हातपाय ताणले.

बायकोने चहा आणला आणि टेबलाच्या पार कडेला ठेवला. मीटर सुटला. ती लगेच बाहेरच्या खोलीत गेली. मीटर मंदावला.

मेकॅनिकने चहाकडे संशयाने पाहिलं. नळी कपाला लावली. टक्... टक्. बशीला लावली. टक्. त्याने वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, नळी पुसली. यंत्रात कुठेही दोष नव्हता.

मग यंत्र छातीशी धरून तो बाहेरच्या खोलीकडे निघाला. पावलागणिक आवाज दाट होत गेला. दारात पोचेपर्यंत दोन टकांमधली फट मिटली होती. खोलीत एक खाट होती, आणि खाटेवर बायको बसली होती.

मेकॅनिकने मीटरला दोनदा टिचकी मारली.

"यंत्र बिघडलंय," मेकॅनिक शेवटी हळूच म्हणाला.

"मीटर खोटं बोलत नाही, साहेब," बायको म्हणाली. "तुम्ही घरात विचारलं नाहीत."

तो दारातून आत यायला लागला, तसा तिने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं.

"बहिणीकडे नव्हते, दवाखान्यात होते. गळ्यात गाठ आहे, तिच्यासाठी किरणांची गोळी देतात, ती घेतलीय. गाठ विरेल म्हणालेत. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर माझ्याही गळ्यात घंटी बांधली असतीत. आता तिथूनच दुकानदाराला फोन लावा. गवंडी सोमवारी येतोय."