उघड्या पाठीचा हेडफोन

"ह्यो न्हाय." महादेवप्पानं दुसराही हेडफोन कानावरून काढला आणि काउंटरवर ठेवला. "आवाज कोंडल्यागत येतोय."

तिप्पण्णाचा चेहरा उतरला. मुंबईत रेकॉर्डिंगचा एक स्टुडिओ मोडला होता, त्यातला माल त्यानं नवी पेठेतल्या आपल्या रेडिओच्या दुकानात आणून ठेवला होता. हे दोन त्यातले सगळ्यात भारी. कानांवर जाड गाद्या. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही.

"अण्णा, पिच्चरवाले हेच वापरत्यात की. ह्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय, श्वास."

"येत असंल. मला न्हाय पटला."

कमलम्मा नवऱ्याला अगदी लगटून ठेवलेल्या स्टुलावर बसली होती. स्टूल त्यानंच ओढून ठेवलं होतं. दोन्ही वेळा हेडफोन लावल्यावर त्यानं तिच्याकडे बघितलं होतं. तिला त्यातलं काय कळणार. ती नुसती बघत राहिली होती. आज सोमवार. पूजा आटोपून ती तशीच निघाली होती, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मशीनच्या खरेदीला त्यानं तिला आजवर कधी नेलं नव्हतं. सकाळी म्हणाला, चल, देवाच्या पदांचं काम हाय, तू संगं असलेली बरी.

काम देवाचंच होतं. मंगळवेढ्याकडची बसव्वा एकतारीवर शिवाची जुनी पदं म्हणायची. तिच्या आजीकडून आलेली, आणि आता तिच्याशिवाय कुणालाच न येणारी. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. परवा मिरजेला ऑपरेशन. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. उद्या बसव्वा शेवटचं गाणार होती आणि महादेवप्पा ते टेपवर उतरवून घेणार होता. चुकलं तर पुन्हा म्हणा म्हणायची सोय नव्हती.

कमलम्माच्या जिवाला घोर होता तो त्याचाच. दिवाळीपासून नवऱ्याचं टेपा भरून द्यायचं काम बिघडत चाललं होतं. एका लग्नाची टेप नुसती घरघरत होती. एका कीर्तनात बुवांचा आवाज फाटून गेला होता. लोक दारात येऊन बोलून गेले. "हेडफोन फसवतोय," महादेवप्पा म्हणायचा. "जुना झालाय त्यो. चांगला मिळू दे, मग बघ." हे बोलणं तिनं पदराच्या गाठीसारखं जपलं होतं. चांगला हेडफोन मिळू दे, एवढंच साकडं तिनं सिद्धेश्वराला घातलं होतं. दुसरं काही मागायचं तिला सुचलंही नव्हतं.

मिलचा भोंगा झाला. तिप्पण्णा काहीतरी सांगत होता, तो अर्ध्यावरच थांबला. भोंगा सरेपर्यंत सगळी पेठच थांबते तसा. महादेवप्पा मात्र बोलत राहिला. त्याचे ओठ हलताना दिसले, शब्द भोंग्यानं गिळले.

"मागवाल्यास्नी भोंग्याचं काय कौतुक," तिप्पण्णा हसून म्हणाला.

ते खरं होतं. महादेवप्पाची उमेदीची वर्षं मिलमध्ये मागांवर गेली होती, कमलम्माची शेजारच्या खात्यात सुताच्या कांड्या भरण्यात. त्या खडखडाटात कुणी कुणाला हाका मारत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. मिल सुटली तरी दोघांची सवय सुटली नव्हती. घरातसुद्धा तो तिच्या तोंडाकडे बघूनच बोलायचा.

आताही तिप्पण्णा कपाटात वाकून शोधायला लागला, तसा तो तिच्याकडे वळला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. "शेटचं केस बघितलंस का? गेल्या महिन्यात पांढरं हुतं."

कमलम्मानं पदर तोंडाला लावला. किती तरी दिवसांनी तो चेष्टेवर आला होता. तिला हलकं वाटलं.

तिप्पण्णानं तिसरा हेडफोन काढून फडक्यानं पुसला. वजनाला काहीच नाही, कानाला पातळ स्पंज, आणि मागच्या बाजूला नुसती जाळी. "ह्याची पाठ उघडी हाय, अण्णा. आवाज मोकळा येतो, खरा येतो म्हणत्यात. पण बाहेर सांडतोय. शेजारी बसलेल्यालाबी ऐकू जातं. म्हणून पडून हाय हितं, कुणी नेत न्हाय."

"लाव," महादेवप्पा लगेच म्हणाला.

पारखायला त्यानं बसव्वाचीच एक जुनी टेप आणली होती. तिप्पण्णानं ती पुन्हा सुरुवातीला घेतली, बटण दाबलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. महादेवप्पा हेडफोन लावून कमलम्माच्या बाजूला जरा कलला.

आणि आधीच्या दोन्ही वेळा जे झालं नव्हतं ते झालं. जाळीतून एकतारी ऐकू आली. बारीक, लांबून यावी तशी, पण स्वच्छ. मग तिच्यावर बसव्वाचा सूर उठला. एक ओळ झाली. दुसरी लागली. शब्दाच्या शेवटी तिचा आवाज जरा थरथरायचा, ती थरथरसुद्धा येत होती. कमलम्माचे डोळे मिटले, हात आपोआप जोडले गेले. मिळाला. देवानं ऐकलं. उद्याची आता काळजी नाही.

तिनं डोळे उघडले. महादेवप्पा तिच्याकडेच बघत होता, कधीपासून कुणास ठाऊक. त्याच्या कानांवरच्या जाळीतून बसव्वा भरल्या गळ्यानं शिवाला आळवत होती. त्यानं तिप्पण्णाची पाठ आहे हे बघून घेतलं आणि नुसते ओठ हलवले.

"बसव्वा गायला लागली का गं?"