‘जशी’पाशी अडलेली प्रार्थना

शलमोनअण्णांचा बेत सोपा होता: मनासारखं जगायचं आणि शेवटी देवाच्या दयेवर स्वर्ग पदरात पाडून घ्यायचा. मरणाच्या खाटेवर चर्चच्या पाळकांसोबत प्रभूची प्रार्थना म्हणताना मात्र ते क्षमेच्या ओळीत अडले: आम्ही जशी दुसऱ्यांना केली, तशी आम्हांला कर.

“पाळकसाहेब, एवढं ‘जशी’ गाळलं तर?”

“मग देवानं कुठलं माप लावायचं, अण्णा?”

घाबरून अण्णांनी परधर्मात लग्न केलेल्या लेकीला बोलावून घेतलं. “केसिया, तुला क्षमा केली बघ.”

“मला? आईच्या मातीला तुम्हीच मला येऊ दिलं नाहीत, अण्णा.”

अण्णांनी तिचा हात धरला. “मग तू कर मला. करशील ना?”

“केली,” केसिया खोटंच बोलली.

अण्णा निर्धास्त होऊन गेले. न्यायाच्या दिवशी जाब द्यायला ते खोटं केसियाच्या माथी राहिलं.