तपकिरीची डबी

"हात लावू का?" संग्राहकाने विचारलं.

"लावा की. बघायलाच आलात ना?" बाईने रुमाल सोडून डबी टेबलावर ठेवली.

डबी सोनेरी होती, तळहातात मावणारी. झाकणावर द्राक्षांचा वेल. तपकिरीच्या असल्या जुन्या डब्या आता हौशी लोकांच्या कपाटातच दिसतात. जाहिरातीतला फोटो पाहिल्यापासून संग्राहकाला धड झोप नव्हती.

खोलीत आरामखुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ शाल पांघरून, डोळे मिटून पडले होते.

"सासरे का?"

"वडीलधारे आहेत. असू द्या, त्यांचा त्रास नाही."

"आणि यजमान?"

"तुरुंगात," बाई म्हणाली. "चोरीचा आळ आलाय. त्यांना सोडवायचंय, म्हणून तर हा सगळा खटाटोप."

नवऱ्यावर चोरीचा आळ आणि घरात सोन्याची डबी. इथे नक्कीच पाणी मुरत होतं.

"ही तुमच्याकडे आली कुठून?"

"तुम्हाला डबी हवीय की माझी वंशावळ?"

संग्राहकाने भिंग काढलं. बिजागरी तपासली. झाकण कानाशी धरून दोनदा मिटलं. मग अंगठ्याने आतल्या तळाचा डावा कोपरा दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बाई, ही नकली आहे."

"कालचे गृहस्थ अस्सल म्हणाले. तुमच्यापेक्षा मोठे जाणकार आहेत म्हणे."

"कोण, तो टकल्या? त्याला पत्र्याची डबी दिलीत तर तीसुद्धा राजघराण्यातली म्हणेल."

"भाव पाडायचा असला की सगळ्यांनाच नकली दिसतं," बाई डबी पुन्हा रुमालात गुंडाळू लागली. "राहू द्या. ज्याला कळतं तो घेईल."

हे मात्र संग्राहकाला झोंबलं.

"कळतं म्हणूनच सांगतोय. अस्सल डबीला दुहेरी तळ आहे. कोपरा दाबला की वरचा पत्रा सरकतो. खाली हस्तिदंतावर रंगवलेली एका बाईची नखाएवढी तसबीर. डोळे मिटलेले, भुवईवर बारीक व्रण. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात आहे तो. ज्याने तुमची ही नक्कल केली, त्याला याचा पत्ताच नव्हता."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? अगदी डोळ्यांसमोर आहे माझ्या."

बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आरामखुर्चीकडे वळली.

"ऐकलंत ना, साहेब? आता तरी माझ्या नवऱ्यावरची तक्रार मागे घ्याल?"

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. शाल बाजूला सारून ते सावकाश उठले आणि संग्राहकाच्या समोर येऊन उभे राहिले.

"ते काम दीडशे वर्षांपूर्वीचं नाही," ते म्हणाले. "ती गेली त्या वर्षी मीच ते बसवून घेतलं. डबी चोरीला जाईपर्यंत ते कुणाला दाखवलं नव्हतं, पोलिसांनाही सांगितलं नाही. ती माझी बायको."