बासरीची सावली

गाण्याच्या मधोमध बाबांची रेकॉर्ड केलेली बासरी वाजत होती, आणि ती बाबांनाच ऐकू येत नव्हती.

"ड्रमखाली गाडलंस की काय गं मला?"

मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेल्या लेकीने ड्रमचा आवाज खाली ओढला, बासरीचा वर उचलला, तिच्यामागे लांबलचक प्रतिध्वनी सोडला. तिच्या स्वतःच्या कानठळ्या बसायची वेळ आली. बाबा मात्र मान हलवत राहिले. "अंहं. नाहीच."

तेव्हा तिला उमगलं. बाबांच्या कानांतून वरचे सूर उडून गेले होते, फांदीवरून पाखरं उडावीत तसे. पण हार मानायची नाही म्हणून तिने एक इफेक्ट लावला. तेच सूर, एक सप्तक खाली, बासरीला सावलीसारखे बिलगून चालणारे.

बाबांचा चेहरा उजळला. बोटं गुडघ्यावर नाचू लागली.

"आलं ना ऐकू? स्पीकरचीच वायर सैल होती, बाबा."

"थापा नको मारूस," बाबा हसले. "हे खालचे सूर मी वाजवलेच नाहीत. माझे कान गेलेत, अक्कल नाही गेली."

तिचे डोळे भरून आले. "राहू दे ना. लोकांना काय कळणार आहे?"

"पुसून टाक ते." बाबा उठले, पायांनी चपला चाचपू लागले. "आईला फोन कर, माझी मोठी बासरी काढून ठेव म्हणावं. त्या बासरीचे खालचे सूर अजून येतात मला ऐकू. उद्या ही सावली मीच वाजवणार."