खेकड्यानं फोडलेला बांध

चाक फिरत होतं आणि गाडी खाली जात होती. चिखलाचा फवारा उडाला तो थेट दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवर.

"पाव्हणं, रेस नका देऊ," जयसिंग म्हणाला. "गाडी घरला जायची सोडून पाताळात चाललीय."

निरंजन, त्याचा जावई, काच खाली करून हसला. या दिवसाची तो दोन वर्षं वाट बघत होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी रुतते कुठे? त्यानं डिकी उघडली आणि वेष्टन फाडून दोन नारिंगी फळ्या बाहेर काढल्या. प्लास्टिकच्या, लांबलचक, अंगभर दाते.

"ट्रॅक्शन बोर्ड, मामा. चाकाखाली सरकवायचे, की चाक यांना धरून वर येतं. वाळवंटातसुद्धा चालतात."

"वाळवंटात चिखल असतो व्हय?"

"कुरडया वाळवाय बऱ्या हायेत," जयसिंगची बायको रत्नाबाई ओट्यावरून म्हणाली. "जाताना एक ठिवून जावा."

ओट्यावर तिच्या शेजारी लेक दिशा बसली होती. मांडीवर अडीच महिन्यांची बाळी, मुठी आवळून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी झोपलेली. पाळणा, दुपट्यांचे गठ्ठे, डिंकाच्या लाडवांचा डबा, सगळं गाडीत चढलं होतं. फक्त मायलेकी चढायच्या होत्या. दिवेलागणीच्या आत सासरी पोचायचं, हा निरंजनच्या आईचा नियम. दिवे लागल्यावर तान्ह्या बाळाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. उद्या अमावस्या, परवा शनिवार. म्हणजे आज नाही तर थेट रविवार.

जेवताना दिशानं विचारून पाहिलं होतं. "आप्पा, रविवारी गेले तर न्हाई का चालणार? तिथं रात्रभर मी एकटीच जागणार. हितं आई घेती तिला पहाटेची. अजून तीन पहाटा झोपते ना."

जयसिंग भाकरी मोडत म्हणाला होता, "दिल्या घरी येळेवर जावं." जेवणं उरकली. बाळीला आईच्या कुशीत टाकून दिशा दुपटी धुवायला ओढ्यावर गेली. जावई माजघरात घोरत पडला. ती परतली तेव्हा चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालं होतं. आता ती ओट्यावर पाय चोळत बसली होती. बाळंतपणानं सुजलेल्या बोटांत जोडवी रुतत होती.

निरंजननं फळ्या चाकाखाली सरकवल्या, गाडीत बसला आणि जोर केला. एक फळी चिखलानं गिळली. दुसरी मागं सुटली, बांधावरून उडाली आणि परवाच लावणी झालेल्या खाचरात जाऊन उभी रुतली.

बाळी दचकली. बापाचा पराक्रम पाहून तिला उचकी लागली.

"हे कंचं नवं वाण लावलं जावयांनी?" रत्नाबाई म्हणाली.

जयसिंगला हसू दाबता येईना. पण सूर्य कलला होता. गावातले ट्रॅक्टर सगळे चिखलणीला गेलेले, रात्रीशिवाय मोकळे होणार नव्हते. त्यानं गोठ्यातून कोरड्या पेंढ्याचा भारा खांद्यावर घेतला. विटांनी भरलेला ट्रकसुद्धा त्यानं याच पेंढ्यावर काढला होता. "पाच मिंटात बाहेर काढतो गाडी. आधी हे पाणी कुठनं येतंय ते बगू."

कारण पाणी येतच होतं. पाऊस दोन दिवस उघडला होता. सकाळी गाडी आली तेव्हा वाट खडखडीत होती, आणि आता तिचा राडा झाला होता.

बांधाजवळ जाऊन जयसिंग थांबला. पाणी सोडायला ठेवलेलं खाचराचं तोंड त्यानं परवा स्वतःच्या हातानं दगड-माती घालून बुजवलं होतं. ते उघडं होतं. दगड उचलून नीट बाजूला ठेवला होता. पाणी शहाण्यासारखं थेट वाटेवर उतरत होतं.

तो खाली वाकला. बांधाच्या ओल्या मातीत काहीतरी उमटलं होतं. ते त्यानं बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून ओट्याकडे पाहिलं. दिशा बाळीला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत होती. बापाशी नजर मिळताच तिनं पाय साडीखाली ओढून घेतला.

"कसं फुटलं, मामा?" फळी आणायला निघालेला निरंजन चिखल तुडवत जवळ आला.

जयसिंगनं एक पाऊल पुढं टाकलं आणि टाचेनं बांधावरची माती पार सपाट केली.

"खेकडा. यंदा लई माजल्यात. एका दुपारात बांध पोखरत्यात."

"आणि दगड?"

"मोठा असंल."

निरंजननं पेंढ्याकडे बोट दाखवलं. "मग टाकायचा ना हा चाकाखाली?"

जयसिंगनं भारा दुसऱ्या खांद्यावर घेतला. कोरड्या काड्या त्याच्या कानाशी कुरकुरल्या.

"ओला हाय हा. कामाचा न्हाई," तो म्हणाला. "आईला फोन लावा. म्हणावं, रविवारी येतोय."

जावई फोन घेऊन रेंज शोधायला चढावर गेला. जयसिंगनं दगड तोंडावर पुन्हा बसवला, मातीनं लिंपला. मग पेंढा गोठ्यात परत नेऊन ठेवला. साठ वर्षं त्यानं याच बांधांवर काढली होती, हजारो खेकडे पकडले होते. पण जोडवी घातलेला खेकडा त्याला आजच गावला होता.